निर्णय फाइलवर होतो : सरकारी प्रस्तावावर हरकत कशी नोंदवावी

मैदानाचे आरक्षण उठणार, रस्ता रुंद होणार, झाडे तोडली जाणार किंवा गावाशेजारी खाण सुरू होणार, अशी कुणकुण लागली की बहुतेक लोक आधी लोकप्रतिनिधीला फोन करतात, मग सह्या गोळा करतात, आणि निर्णय होऊन गेल्यावर फाइल कोणाकडे आहे याची चौकशी करू लागतात. हा क्रम उलटा हवा. आमच्या वसाहतीतील मैदानाच्या आरक्षणबदलाच्या प्रकरणात हरकतदार म्हणून मी या सगळ्या टप्प्यांतून गेले आहे आणि त्यानंतर अनेकांना हरकती लिहून देण्याचे काम करत आले आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली : सरकारी निर्णय सभेत, मोर्चात किंवा वर्तमानपत्रात जाहीर होत असला, तरी तो घेतला जातो फाइलवर. तुमचे म्हणणे मुदतीच्या आत, लेखी स्वरूपात आणि योग्य फाइलमध्ये पोहोचले नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही काहीच म्हटलेले नसते.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रापुरते आहे. विकास आराखड्यातील, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची आणि कोणती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवायची (आरक्षण) हे ठरवणाऱ्या आराखड्यातील बदल हे मुख्य उदाहरण मी घेतले आहे, कारण शहरांतील आणि शहरांलगतच्या गावांतील लोकांना बहुधा त्यालाच तोंड द्यावे लागते. इतर प्रस्तावांचे जे वेगळे नियम आहेत, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत.

१. प्रस्ताव कोणत्या कायद्याखाली आहे, ते आधी शोधा

"महापालिका मैदान विकते आहे" ही बातमी झाली. तिच्यामागे कायद्याचे एखादे कलम असते, आणि हरकतीची मुदत किती, सुनावणी कोण घेणार व अंतिम अधिकार कोणाचा, हे सारे त्या कलमावरून ठरते.

शहराचा नवा विकास आराखडा तयार होत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २६ लागू होते. प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणालाही हरकत किंवा सूचना देता येते. त्यानंतर कलम २८ खालील नियोजन समिती हरकतदारांना ऐकते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मंजूर आराखड्यात एखाद्या भूखंडापुरता बदल करायचा असेल, तर कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघते आणि तिच्यासाठी एक महिन्याची मुदत असते. या कलमात हरकती "कोणत्याही व्यक्तीकडून" मागवल्या जातात. त्यामुळे "तुमची तिथे जागा आहे का?" असे टेबलावर विचारले गेले, तर जागा नसतानाही हरकत देण्याचा तुमचा अधिकार कायम आहे, हे शांतपणे सांगा. हा प्रश्न ऐकूनच अनेक जण परत फिरतात.

शहरातील झाडांच्या बाबतीत १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू होतो. त्यात वर्तमानपत्रातील सूचनेबरोबर प्रत्यक्ष झाडावरही नोटीस लावावी लागते आणि हरकतीला अवघे सात दिवस मिळतात. खोडावर चिकटवलेला कागद दिसला, तर तारखेसह त्याचा फोटो त्याच दिवशी काढा. पावसात तो टिकत नाही.

खाण, मोठे कारखाने, बंदरे यांसारख्या प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी घेतात. तिचे नियम वेगळे आहेत आणि ते सहाव्या टप्प्यात दिले आहेत.

ग्रामीण भागात पहिले व्यासपीठ ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती धरली जाते. सभेला तोंडी बोलून परत येऊ नका. विषय अजेंड्यावर यावा म्हणून आधी लेखी पत्र द्या आणि झालेला ठराव इतिवृत्तात कोणत्या शब्दांत उतरला आहे, ते वाचून घ्या.

येथे एक सावधगिरीची सूचना. रेशनकार्ड, दाखला, सात-बारावरील नोंद अशा व्यक्तिगत कामाचा विलंब आणि सार्वजनिक प्रस्तावावरील हरकत या दोन निराळ्या वाटा आहेत. अधिसूचित सेवा वेळेत मिळाली नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करावे. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिनही व्यक्तिगत गाऱ्हाण्यांसाठीच आहे. आरक्षणबदलाची हरकत तिथे दिली, तर ती "संबंधित विभागाकडे पाठवली" असे उत्तर येते आणि तोवर महिनाभराची मुदत सरून गेलेली असते.

२. मूळ सूचना हातात घ्या

वर्तमानपत्राचे कात्रण किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो यांवर विसंबून हरकत लिहू नका. शासन राजपत्रातील सूचना आणि संबंधित शासन निर्णय किंवा महापालिकेचा ठराव मिळवा. राजपत्र आणि शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. सूचनेतील चार गोष्टी वहीत उतरवून घ्या : सूचनेचा क्रमांक व तारीख, कायद्याचे कलम, हरकत कोणाच्या नावे व कोणत्या पत्त्यावर द्यायची, आणि मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची. राजपत्रातील तारीख आणि वर्तमानपत्रातील तारीख यांत बऱ्याचदा अंतर असते, म्हणून शंका असेल तेव्हा जी तारीख आधीची असेल तीच धरून चाला.

मंत्रालयातून निघालेल्या कागदावरील क्रमांक नीट वाचायला शिका. त्यात "प्र.क्र." नंतर येतो तो प्रकरण क्रमांक, आणि शेवटी "नवि-१३" यासारखी जी अक्षरे व आकडा असतो ते कार्यासन, म्हणजे ज्या टेबलावर ती फाइल चालते ते टेबल. "नवि" म्हणजे नगरविकास विभाग. हे दोन तपशील तुमच्या प्रत्येक पत्राच्या विषयात असतील, तर पत्र योग्य नस्तीला, म्हणजे फाइलला लागते. ते नसतील, तर पत्र विभागात पोहोचूनही कोणत्या नस्तीत लावायचे, याच प्रश्नावर पडून राहते.

३. फाइल पाहा, पण माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत थांबू नका

नवखे लोक इथेच सर्वाधिक वेळ गमावतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जन माहिती अधिकाऱ्याला उत्तर देण्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि हरकतीची मुदतही साधारण तेवढीच असते. कागद हाती आल्यावर हरकत लिहू, असे ठरवले तर कागद येईपर्यंत दार बंद झालेले असते. म्हणून दोन्ही कामे पहिल्याच आठवड्यात एकदम सुरू करा : माहितीचा अर्ज द्या, आणि हाती असलेल्या माहितीवर हरकतीचा मसुदाही लिहायला घ्या. मिळालेले नवे कागद सुनावणीच्या वेळी जोडता येतात.

तोपर्यंत दोन गोष्टी करता येतात. पहिली, प्रारूप आराखडा व त्याचा अहवाल हरकतींच्या मुदतीत लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवणे नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे आराखडा तयार करणाऱ्या महापालिकेसारख्या संस्थेवर बंधनकारक आहे. तिथे जा, आपल्या भागाचा नकाशा पाहा आणि त्या भाग नकाशाची प्रत शुल्क भरून घ्या. दुसरी, राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही सोय अनेक कार्यालयांत फलकावर लिहिलेली असते, पण फार थोडे लोक तिचा उपयोग करतात. जाताना त्या निर्णयाची छापील प्रत सोबत ठेवा.

फाइल समोर आली की काय पाहायचे? कोणत्याही नस्तीचे दोन भाग असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे अर्ज, नकाशे, अभिप्राय आणि उत्तरे. दुसऱ्या बाजूला टिप्पणी, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यापासून आयुक्तांपर्यंत प्रत्येकाने आपल्या सहीसह लिहिलेले मत. निम्मे लोक पत्रव्यवहार चाळून उठतात. खरा ऐवज टिप्पणीत असतो. एखाद्या टिप्पणीत "सदर जागेची परिसरास आवश्यकता आहे, सबब प्रस्ताव अमान्य करणे योग्य होईल" असे कनिष्ठ अधिकाऱ्याने लिहिलेले असते, आणि पुढच्याच पानावर काहीही कारण न देता प्रस्ताव मान्यतेसाठी सादर झालेला दिसतो. ते पान, तो परिच्छेद आणि ती तारीख टिपून घ्या. तुमच्या हरकतीतला सर्वांत वजनदार मुद्दा तोच, कारण तो प्रशासनाच्याच शब्दांत मांडलेला आहे.

पुण्यातील प्रभात रस्त्यावरील प्राथमिक शाळेच्या आरक्षणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ मध्ये निकाली निघाले. आरक्षण उठवून उभारलेल्या इमारतीबाबतचा तो निकाल ज्यांना वाचता येईल, त्यांनी जरूर वाचावा. त्यात फाइलवरील नोंदी आणि पत्रव्यवहार यांची ओळीने केलेली छाननी आहे. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय लिहिले, यावर एवढ्या मोठ्या प्रकरणाचा उलगडा कसा होतो, हे त्यातून समजते.

माहिती अधिकाराच्या अर्जाविषयी थोडे. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र "अ" मध्ये करतात, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात आणि अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांपर्यंतचा असावा असा नियम आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र पुराव्याची प्रत जोडावी लागते. "हा निर्णय का घेतला?" असे विचारू नका, कारण अधिकाऱ्याने उत्तर रचून द्यावे असे कायदा सांगत नाही. अस्तित्वात असलेला कागद मागा. उदाहरणार्थ : "आरक्षण क्रमांक अमुक, सर्व्हे क्रमांक तमुक यावरील कलम ३७ खालील फेरबदलाच्या प्रस्तावाची नस्ती, टिप्पणी व पत्रव्यवहार भागांसह, प्रथम पाहण्यासाठी मिळावी व मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात." अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल, तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तो "आमच्याकडे नाही" म्हणून परत करता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, आणि त्यानेही भागले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करा. आयोगापर्यंतचा प्रवास लांबतो, हे लक्षात ठेवून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

४. हरकत लिहा

हरकतीचे पुढे काय होते हे एकदा कळले, की ती कशी लिहावी हे आपोआप कळते. मुदत संपल्यावर कार्यालयात हरकतींचा तक्ता तयार होतो. आडव्या कागदावर पाच-सहा रकाने : अनुक्रमांक, हरकतदाराचे नाव, भूखंडाचा तपशील, हरकतीचा गोषवारा, प्रशासनाचे अभिप्राय, समितीची शिफारस. तुमचे आठ पानी निवेदन या तक्त्यातील गोषवाऱ्याच्या रकान्यात दोन-तीन ओळींत उतरते. समितीपुढे आणि पुढे शासनाकडे जातो तो मुख्यतः हा तक्ता. शेकडो हरकती वाचून दमलेला लिपिक तुमच्या पानांतून कोणत्या दोन ओळी उचलील, हे नशिबावर का सोडायचे? त्या ओळी तुम्हीच लिहून पहिल्या परिच्छेदात ठेवा.

नमुना असा :

"हरकत : सर्व्हे क्र. ___ वरील 'खेळाचे मैदान' (आरक्षण क्र. ___) वगळून ती जागा रहिवास विभागात समाविष्ट करण्याचा प्रस्तावित फेरबदल रद्द करावा. कारण : या प्रभागात याखेरीज दुसरे मैदान आरक्षित नाही (सहपत्र १, भाग नकाशा). पर्यायी मागणी : फेरबदल करणे अपरिहार्य ठरल्यास, तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा याच प्रभागात मैदानासाठी आधी आरक्षित करावी."

यात तीन गोष्टी आहेत : काय नको, का नको, आणि नाहीच जमले तर काय हवे. तिसरी गोष्ट लोक वगळतात. पर्याय दिला तर आपली बाजू कमकुवत होईल, असे त्यांना वाटते. माझे मत याच्या उलट आहे. समितीला बऱ्याचदा पूर्ण नकार देणे अवघड असते, पण एखादी अट घालणे शक्य असते, आणि अट घालायची तर ती तयार शब्दांत समोर असावी लागते.

त्यानंतर मुद्देसूद कारणे द्या. प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र क्रमांक आणि प्रत्येक विधानाला सहपत्र. आधी कायद्याचा मुद्दा, मग वस्तुस्थितीचा, शेवटी भावनेचा, हा क्रम ठेवा. कलम ३७ खालील फेरबदलाने विकास आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये, ही कायद्यातलीच मर्यादा आहे. ती लागू पडत असेल तर पहिल्या क्रमांकावर घ्या. वस्तुस्थितीच्या मुद्द्यांत मोजता येईल असे लिहा : जागेचे क्षेत्रफळ, जवळच्या शाळांची नावे, सध्याच्या वापराचे तारखेसह फोटो. "मुलांनी खेळायचे कुठे?" हा प्रश्न मनापासूनचा आहे आणि तो हरकतीत जरूर असावा, मात्र त्याच्या आधी मुले आज कुठे आणि किती संख्येने खेळतात हे दाखवणारा कागद असावा.

कोणत्याही अधिकाऱ्यावर किंवा बिल्डरवर लाच, संगनमत असे आरोप हरकतीत करू नका. पुरावा असेल तर त्याची जागा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे आहे. पुराव्याविना केलेल्या आरोपामुळे उरलेले सगळे मुद्दे "वैयक्तिक आकसापोटी" या एका शेऱ्याखाली बाजूला सारले जाण्याचा धोका असतो.

सह्यांच्या मोहिमेबद्दल लोक नेहमी विचारतात. एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती आल्या, की तक्त्यात त्यांचा एक गट होतो, समोर एकच गोषवारा येतो आणि त्याला एकच उत्तर मिळते. त्याऐवजी दहा जणांनी दहा वेगळ्या कारणांनी स्वतंत्र हरकती दिल्या, तर प्रशासनाला दहा वेळा अभिप्राय लिहावा लागतो. क्रीडाशिक्षकाने मैदानावर लिहावे, डॉक्टरने ज्येष्ठांच्या फिरण्यावर, वास्तुविशारदाने वाहनतळावर आणि सांडपाण्याच्या भारावर लिहावे. तरीही संख्येला किंमत नाही असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा हजारो हरकती आल्यानंतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये नव्याने प्रसिद्ध करावा लागला. त्या हरकतींमध्ये संख्या होतीच, पण रस्ते, वारसा वास्तू, धार्मिक स्थळे यांच्या चुकीच्या नोंदी नावानिशी दाखवून दिलेल्याही होत्या. मसुदा चुकीचा आहे हे सिद्ध करणारा तपशील आणि त्यामागे उभी असलेली माणसे या दोन्हींची गरज असते.

५. दाखल करा आणि पोच घ्या

सोबत न्यायचे कागद :

– हरकतीच्या सही केलेल्या दोन प्रती (एक तुमच्या पोचेसाठी)
– सूचनेची प्रत, क्रमांक अधोरेखित करून
– भाग नकाशा, आणि उपलब्ध असल्यास झोन दाखला (जागा आराखड्यातील कोणत्या विभागात येते याचा दाखला)
– सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक (जमीन तुमची असो वा नसो, भूखंड ओळखण्यासाठी उपयोगी)
– तारीख दिसेल असे फोटो
– ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची प्रत
– संस्थेतर्फे हरकत असेल तर संस्थेचा ठराव आणि सही करणाऱ्याला दिलेले अधिकारपत्र

अर्ज साहेबांच्या केबिनमध्ये देऊन समाधान मानू नका. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत जा. तुमच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक या तिन्ही गोष्टी आहेत ना, ते टेबलासमोर उभे असतानाच पाहा. नुसता शिक्का आणि क्रमांकाविना सही ही अर्धीच पोच आहे. उद्या कागद सापडेना झाला, तर आवक नोंदवहीतील क्रमांकच तुमच्या बाजूने उभा राहतो. क्रमांक "नंतर पडेल" असे सांगितले गेले, तर नंतर कधी हे विचारून त्या वेळी पुन्हा जा. शक्य असेल तर त्याच दिवशी तीच हरकत स्पीड पोस्टने आणि सूचनेत दिलेल्या ई-मेलवरही पाठवा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी रांग असते, शिक्का मारणारी व्यक्ती जागेवर नसते आणि संकेतस्थळ धीमे झालेले असते.

"सुनावणीची संधी मिळावी व त्यासाठी खालील पत्त्यावर आणि भ्रमणध्वनीवर कळवावे" हे वाक्य हरकतीच्या शेवटी स्पष्ट लिहा.

६. सुनावणीला जा

सुनावणीचे पत्र कधी कधी दोन-तीन दिवस आधी येते. वेळ सकाळी अकराची असली तरी क्रमांक दुपारी लागतो, म्हणून कामावरून अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस मोकळा ठेवा. प्रत्यक्ष बोलायला पाच-सात मिनिटे मिळतात. त्यात निवेदन वाचून दाखवू नका, ते समोर असतेच. आपला क्रमांक सांगा, मागणी एका वाक्यात सांगा, दोन सर्वांत भक्कम मुद्दे मांडा आणि नकाशा टेबलावर पसरून जागा बोटाने दाखवा. समितीतल्या काहींनी ती जागा पाहिलेली नसते. नकाशा समोर आला की त्यांचे प्रश्न सुरू होतात आणि त्या प्रश्नोत्तरांतच तुमचे म्हणणे खऱ्या अर्थाने पोहोचते.

तोंडी मांडलेले नवे मुद्दे आणि माहिती अधिकारात मिळालेले कागद यांचे "लेखी म्हणणे" तयार करून सुनावणीच्या वेळीच सादर करा व त्याचीही पोच घ्या. "आम्ही विचार करू, काळजी करू नका" असे आश्वासन मिळाले, तर आभार माना आणि त्याच संध्याकाळी पत्राने कळवा : "आज झालेल्या सुनावणीत मी पुढील मुद्दे मांडले, ते इतिवृत्तात नोंदवावेत."

पर्यावरणीय जनसुनावणीचा प्रकार निराळा असतो. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या जवळ आयोजित करते, किमान ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हा दंडाधिकारी या दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी तिच्या अध्यक्षस्थानी असतो. प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. तो मिळाला नसेल, तर हाच पहिला आक्षेप नोंदवा. कामकाजाचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. इतिवृत्त वाचून होईपर्यंत मंडप सोडू नका, कारण चुकीची नोंद तिथेच दुरुस्त करून घेता येते.

अनेक गावांत बहिष्काराचा निर्णय घेतला जातो. त्यामागचा संताप मी जवळून पाहिला आहे आणि तो खरा असतो. पण या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, हे गावाला आधी माहीत असायला हवे. गाव बाहेर घोषणा देत राहिले तरी आत सुनावणी "पार पडते" आणि इतिवृत्तात प्रकल्पाच्या बाजूने बोललेले तेवढे उरतात. बहिष्कार करायचाच असेल, तर निदान ग्रामसभेचा ठराव आणि सविस्तर लेखी हरकती सुनावणीआधी मंडळाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचवा.

७. सुनावणीनंतर फाइलचा माग ठेवा

बहुतेकांचा पाठपुरावा सुनावणीच्या दिवशी संपतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर फाइल महापालिकेतून शासनाकडे जाते. समितीचा अहवाल आणि हरकतींचा तक्ता माहिती अधिकारात मागा. तुमच्या नावासमोर गोषवारा बरोबर आहे का, अभिप्रायात तुमच्या मुद्द्याला उत्तर आहे की केवळ "हरकत अमान्य" असा शेरा, ते तपासा. मुद्दा वगळलेला असेल, तर अंतिम निर्णय ज्यांच्या हाती आहे त्या नगरविकास विभागाच्या कार्यासनाला, प्रकरण क्रमांकासह, एक पानाचे निवेदन द्या.

फाइल हलत नसेल तर २००५ चा तो कायदा लक्षात ठेवा, ज्याला लोक दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात आणि जो १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्यानुसार शासकीय कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारण फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. "फाइल कोणाकडे, कोणत्या तारखेपासून आहे" ही माहिती मागणारा साधा अर्जही बऱ्याचदा पुरेसा ठरतो.

लोकप्रतिनिधींची खरी मदत या टप्प्यावर होते. आमदारांकडे जाताना सह्यांचे बाड नेऊ नका. एक पान न्या : प्रकरण क्रमांक, कार्यासन, अधिकाऱ्याच्या प्रतिकूल टिप्पणीची तारीख व तिची प्रत, आणि एक नेमकी मागणी. त्यांचे शिफारसपत्र त्याच नस्तीत लागते. अधिवेशन जवळ असेल तर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना यांसाठी विचारा. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी दाखल करावे लागतात, त्यामुळे हे बोलणे अधिवेशन सुरू झाल्यावर करून उपयोग नसतो. विधानमंडळाची विनंती अर्ज समिती हाही एक मार्ग आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही.

निर्णय विरुद्ध गेला, तर बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणे कळवणे हे माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(घ) खाली सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. या कलमाचा उल्लेख करून कारणे लेखी मागा. पुढे उच्च न्यायालयात जायचे ठरले, तर वकील सर्वप्रथम हेच विचारतील : मुदतीत हरकत दिली होती का, तिची पोच आहे का, सुनावणीत काय नोंदले गेले, आणि निर्णयात तुमच्या मुद्द्याचे उत्तर आहे का. म्हणून राजपत्रातील सूचना, आवक क्रमांकाची प्रत, लेखी म्हणणे, तक्त्यातील तुमचे पान आणि अंतिम आदेश हे पाच कागद तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा, त्यांची यादी वर जोडा, आणि आदेश प्रसिद्ध झाल्यापासून काही आठवड्यांच्या आत वकिलांना दाखवा. उशीर झाला तर जागेवर बांधकाम उभे राहते आणि मग न्यायालयात त्या उशिराचेही स्पष्टीकरण द्यावे लागते.